तागालोग आणि भोजपुरी : भाषापद व बोलीपद यांचा एक तौलनिक इतिहास

तागालोग आणि भोजपुरी ही दोन नावे एकाच शीर्षकाखाली आलेली पाहून भाषाशास्त्राच्या अभ्यासकास प्रथम नवल वाटणे साहजिक आहे. पहिली ऑस्ट्रोनेशियन कुलातील, लुझोन बेटाच्या दक्षिण भागात व मनिला नगरीत बोलली जाणारी. दुसरी भारतीय आर्य कुलातील, गंगा, शरयू आणि गंडक या नद्यांच्या परिसरात वाढलेली. या दोहोंत कुलसंबंध नाही, भौगोलिक सान्निध्य नाही आणि एकीचे भाषिक दुसरीच्या भाषिकांस फारसे कधी भेटल्याचाही पुरावा नाही. मग तुलना कशाची करावयाची, असा प्रश्न उपस्थित होतो.

त्याचे उत्तर व्याकरणाच्या कक्षेबाहेरचे आहे. ३० डिसेंबर १९३७ रोजी फिलिपीन्सचे अध्यक्ष मानुएल केझोन यांनी एका आदेशान्वये तागालोगला त्या द्वीपसमूहाच्या राष्ट्रभाषेचा पाया म्हणून घोषित केले. याउलट २०११ च्या भारतीय जनगणनेत पाच कोटींहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा भोजपुरी असल्याचे नोंदविले, आणि ही सर्व संख्या हिंदीच्या शीर्षकाखाली जमा झाली. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा बिहारी भाषांविषयीचा खंड १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्यात भोजपुरी भाषिकांची संख्या सुमारे दोन कोटी धरली आहे. त्याच १९०३ साली अमेरिकन अंमलाखाली झालेल्या गणनेत संपूर्ण फिलिपीन्सची लोकसंख्या सुमारे ७६ लक्ष भरली, आणि तागालोग भाषिक हा तिचा केवळ एक अंश होता. तेव्हा एकीला राष्ट्रभाषापद आणि दुसरीला बोलीपद मिळण्याचे कारण संख्येत शोधता येत नाही. ते कोठे शोधावे, हा प्रस्तुत तुलनेचा विषय होय.

प्रथम एक मोहक पण फसवी वाट दूर सारली पाहिजे. तागालोगच्या शब्दसंग्रहात संस्कृतोद्भव शब्द बरेच आढळतात. तेथे शिक्षकास ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्यास ‘मुखा’, आशेस ‘आसा’, चैतन्यास ‘दिवा’ म्हणजे मूळचा ‘जीव’, आणि मोलास ‘हलागा’ म्हणजे मूळचा ‘अर्घ’. बोलणे किंवा शब्द या अर्थाचा ‘सलिता’ हा ‘चरित’पासून आला आहे, तर प्राचीन देवाचे ‘बाथाला’ हे नाव ‘भट्टार’ या शब्दाकडे जाते. १८८७ साली पार्दो दे तावेरा या फिलिपिनो विद्वानाने पॅरिसमध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले; नंतरच्या काळात हुआन फ्रान्सिस्को यांनी या शब्दांची अधिक कठोर छाननी केली. हे शब्द बहुतांशी मलय भाषेच्या द्वारे, व्यापाराच्या मार्गाने आलेले आहेत. गंमतीची गोष्ट अशी की, भोजपुरीत ‘मुख’ झिजून ‘मुँह’ झाले, परंतु तागालोगने ‘मुखा’ जवळजवळ जसाच्या तसा जतन केला. वारसाने आलेला शब्द पिढ्यान्पिढ्या वापरात झिजतो. उसना घेतलेला शब्द पुष्कळदा आपले मूळ रूप टिकवून धरतो. अर्थात शब्दांचे हे साम्य नात्याचे नसून अंतराचेच गमक मानावयास हवे.

या संबंधाचा सर्वांत जुना लेखी पुरावा लागुना प्रांतात १९८९ मध्ये सापडलेला ताम्रपट होय. आंतोन पोस्तमा या डच धर्मोपदेशकाने त्याचे वाचन केले. त्यावरील काळ शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार असा आहे, म्हणजे इ. स. ९००. महाराष्ट्रातील पंचांगे आजही ज्या शकाने वर्ष मोजतात, त्याच शकाने लुझोनमधील एका लेखकाने आपल्या लेखाची मिती घातली होती, ही गोष्ट मराठी वाचकास सहज कौतुकाची वाटेल. लेखाचा विषय मात्र अगदी व्यावहारिक आहे. नामवरान नावाच्या इसमाचे सोन्याचे ऋण फिटल्याचे त्यात नमूद असून त्याच्या वंशजांना त्या ऋणातून मुक्त केले आहे. भाषा प्राचीन मलय, मधूनमधून संस्कृत आणि जावानी शब्द, व काही रूपे तागालोगच्या पूर्वरूपाशी जुळणारी. यावरून एवढेच सिद्ध होते की, स्पॅनिश लोक येण्यापूर्वी सहा शतके या किनाऱ्यावर लेखनव्यवहार होता. त्यापलीकडे जाऊन बृहद्भारताची स्वप्ने पाहण्याचे प्रयोजन नाही.

रचनेच्या दृष्टीने दोन्ही भाषांतील अंतर किती मोठे आहे, हे एका क्रियेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तागालोगमध्ये ‘बिली’ हा विकत घेणे या अर्थाचा धातू आहे. त्याच्या पोटात किंवा पुढेमागे प्रत्यय घालून ‘बुमिली’, ‘बिनिली’, ‘बिनिल्हान’, ‘इबिनिली’ अशी रूपे होतात. पहिल्यात घेणाऱ्यावर भर आहे, दुसऱ्यात घेतलेल्या वस्तूवर, तिसऱ्यात ज्याच्यापासून घेतली त्याच्यावर आणि चौथ्यात ज्याच्यासाठी घेतली त्याच्यावर. वाक्यात क्रियापद सामान्यतः आरंभी येते आणि वाक्याचा रोख कोणाकडे आहे हे तेच सांगून टाकते. भोजपुरीत त्याच अर्थाचा धातू ‘कीन’ हा संस्कृत ‘क्री’ धातूपासून आलेला आहे. ‘ऊ आम किनलस’ या वाक्यात क्रियापद शेवटी आहे, भूतकाळ ‘ल’काराने दाखविला आहे आणि प्रत्यय कर्त्याचा पुरुष सांगतो. हा ‘ल’कार मराठीस परका नाही, ‘गइल’ आणि ‘गेला’, ‘कइल’ आणि ‘केला’ यांचे नाते उघड आहे. परंतु मराठीने ‘त्याने आंबा घेतला’ अशी कर्मणी रचना राखली, तर भोजपुरीने ती टाकून क्रियापद कर्त्याच्या हवाली केले.

सर्वनामांच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘तायो’ आणि त्यास वगळणारे ‘कामी’ असा भेद तागालोगमध्ये आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील अंतर ज्यास बालपणापासून ठाऊक आहे अशा मराठी भाषिकास तो समजावून सांगण्याची गरज नाही; भोजपुरी भाषिकास मात्र आपल्या ‘हमनी’मध्ये तो सापडणार नाही. अशा सुट्या साम्यांवर कोणताही सिद्धांत उभारता येत नाही. त्यांचा उपयोग एवढाच की, दोन्ही भाषा व्याकरणदृष्ट्या परिपूर्ण असून शेजारच्या प्रतिष्ठित भाषेपासून आपापल्या जागी पुरेशा वेगळ्या आहेत, हे त्यांवरून कळते.

लिपीचा इतिहास याहून अधिक बोलका आहे, कारण येथे दोन्ही भाषा काही काळ समांतर चालल्या. तागालोगची जुनी लिपी बायबायिन. भोजपुरी प्रदेशाची व्यवहाराची लिपी कैथी. दोन्ही दूरान्वयाने ब्राह्मीच्या वंशातील. बायबायिनमध्ये तीन स्वर आणि चौदा व्यंजने अशी सतरा अक्षरे होती. अक्षराच्या वर खूण केली की इ किंवा ए, खाली केली की उ किंवा ओ. परंतु हलन्त व्यंजन लिहिण्याची सोय तीत नव्हती. ‘बुन्दोक’, म्हणजे पर्वत, हा शब्द ‘बुदो’ एवढाच लिहिला जाई आणि उरलेले वाचकाने संदर्भाने भरून काढावे अशी अपेक्षा असे. १६२० च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्याने अक्षराखाली क्रूसाची खूण घालून स्वर पुसण्याची युक्ती काढली. ज्याने हलन्ताचे चिन्ह लहानपणी गिरविले आहे त्यास ही युक्ती ओळखीची वाटेल. पण तागालोग लोकांनी ती स्वीकारली नाही. त्यांची लिपी त्यांना पुरत होती. पुढे रोमन अक्षरांचा प्रसार झाल्यावर अठराव्या शतकापर्यंत ती वापरातून गेली. मिंदोरो बेटाच्या डोंगराळ भागात, जेथे स्पॅनिश सत्तेचा हात नीट पोहोचला नाही तेथे, तिच्या भगिनी-लिपी मान्यान लोकांत टिकून राहिल्या, आणि बांबूवर सुरीने अक्षरे कोरण्याची रीतही राहिली.

कैथी ही कायस्थांची, म्हणजे कारकुनी पेशाची लिपी. मराठी वाचकाने मोडी डोळ्यांपुढे आणावी म्हणजे तिचे स्थान ध्यानात येईल : जलद, शिरोरेषेची फिकीर न करणारी, हिशेब आणि दस्तऐवज यांत मुरलेली. १८८० मध्ये बंगाल सरकारने बिहारच्या न्यायालयांसाठी तिला मान्यता दिली आणि तिचे खिळेही पाडण्यात आले. क्षणभर असे वाटते की, भोजपुरीला आता आपली लिपी, आपली पाठ्यपुस्तके आणि आपले मुद्रण लाभणार. तसे घडले नाही. कैथीतून जी भाषा न्यायालयात शिरली ती हिंदी होती. भोजपुरी शिरली नाही. पुढे नागरीच्या चळवळीपुढे कैथीही मागे हटली. १८९३ मध्ये स्थापन झालेली नागरी प्रचारिणी सभा वाराणसीत, म्हणजे भोजपुरी बोलणाऱ्या नगरीत होती; १९०० साली वायव्य प्रांताच्या सरकारने न्यायालयांत नागरीस जागा दिली, तेव्हा त्या विजयाचा आनंद भोजपुरी बोलणाऱ्या घरांतूनच सर्वाधिक झाला असला पाहिजे. बिहारमधील जुन्या जमिनींच्या खटल्यांत कैथी वाचणारा माणूस शोधावा लागतो, तो या घडामोडींचाच परिणाम.

मुद्रणाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे मार्ग आरंभापासून वेगळे आहेत. १५९३ मध्ये मनिला येथे लाकडी ठशांवरून छापलेले ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ हे धर्मपुस्तक स्पॅनिश व तागालोग भाषांत असून त्यातील तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत दिला आहे. १६१० साली ब्लांकास दे सान होसे याने तागालोगचे व्याकरण प्रसिद्ध केले. ते छापले तोमास पिंपिन या तागालोग मुद्रकाने, आणि त्याच वर्षी या पिंपिनने आपल्या देशबांधवांना स्पॅनिश शिकविण्यासाठी स्वतःचे पुस्तक तागालोगमध्ये लिहून प्रसिद्ध केले. एकाच छापखान्यातून, एकाच वर्षी, पाद्री तागालोग शिकत होता आणि तागालोग माणूस पाद्र्याची भाषा शिकत होता. १८३८ मध्ये बालाग्तासचे ‘फ्लोरान्ते आत लाउरा’ हे काव्य अवतरले तेव्हा त्याच्यामागे मुद्रित गद्यपद्याची दोन शतकांहून अधिक परंपरा उभी होती.

तथापि केवळ पाद्र्यांच्या मुद्रणाने भाषेचे भाग्य उघडते, असे म्हणता येणार नाही. याच दशकांत गोव्यात काय चालले होते ते पाहावे. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि त्याचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे निघाले. मनिला आणि गोवा येथील आरंभ इतके सारखे असूनही १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या त्यागाचा हुकूम काढला. फिलिपीन्समध्ये राजाच्या आज्ञा स्पॅनिश शिकविण्याच्या होत्या, पण पाद्र्यांनी त्या मनापासून पाळल्या नाहीत. स्पॅनिश माणसे मूठभर होती, प्रजा आणि शासन यांच्यामधला दुभाषी पाद्रीच होता, आणि ते स्थान सोडण्यात त्याचे हित नव्हते. तागालोग टिकली ती काही अंशी या स्वार्थामुळे.

भोजपुरीला असा स्वार्थी पालकही लाभला नाही. तिचे वर्णन करणारे विद्वान मात्र थोर लाभले. जॉन बीम्सने १८६८ मध्ये तिच्यावर टिपण लिहिले, पण शीर्षकातच तिला हिंदीची बोली म्हटले. हर्न्लेच्या १८८० च्या गौडीय व्याकरणातील ‘पूर्वी हिंदी’ ही मुख्यतः वाराणसीकडील भोजपुरीच आहे. ग्रिअर्सनने ती मैथिली आणि मगही यांच्याबरोबर ‘बिहारी’ या नावाखाली आणली, आणि बिहारी ही हिंदीपासून वेगळी भाषा असल्याचा आग्रह धरला. पुढे उदयनारायण तिवारी यांनी तिच्या उत्पत्ति-विकासावर लिहिलेला ग्रंथ १९६० साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. म्हणजे शंभर वर्षांत या भाषेची शास्त्रीय ओळख उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली, आणि त्याच शंभर वर्षांत तिचे सार्वजनिक स्थान उत्तरोत्तर आकसत गेले. शास्त्राने दिलेले भाषापद व्यवहाराला बांधून घेत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. शिवाय ग्रिअर्सनचे ‘बिहारी’ हे नाव कोणाच्याही तोंडी नव्हते. ज्या नावाने कोणी आपल्या भाषेस ओळखत नाही, त्या नावाभोवती चळवळ उभी राहणे कठीणच होते.

येथे खरे कारण हाती लागते. तागालोगच्या डोक्यावर जी प्रतिष्ठित भाषा होती ती परकी होती : प्रथम स्पॅनिश, नंतर इंग्रजी. होसे रिसालने आपली ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी १८८७ मध्ये स्पॅनिशमध्ये लिहिली हे खरे. परंतु कातिपुनान या क्रांतिकारी संघटनेचा व्यवहार तागालोगमध्ये चाले, तिचे ‘कालायान’ हे पत्र १८९६ मध्ये तागालोगमध्ये निघाले आणि १८९७ च्या ब्याक-ना-बातो संविधानाने तागालोगला प्रजासत्ताकाची अधिकृत भाषा म्हटले. स्वातंत्र्याची मागणी आणि भाषेची मागणी तेथे एकाच दिशेने चालत होती. १५७१ पासून सत्तेचे केंद्र असलेली मनिला ही तागालोग भूमीतच होती, हेही विसरता येत नाही.

भोजपुरीच्या डोक्यावरील प्रतिष्ठित भाषा तिची नात्यातली होती. परकीयांशी झगडताना जी राष्ट्रीय जाणीव जागी झाली तिने भोजपुरी भाषिकास स्वतःच्या बोलीकडे न नेता हिंदीकडे नेले, आणि तो स्वखुशीने गेला. वाराणसीच्या भारतेंदू हरिश्चंद्रांनी कविता ब्रजभाषेत आणि गद्य खडी बोलीत लिहिले. जवळच्या लमही गावचे प्रेमचंद, वाराणसीचे जयशंकर प्रसाद, बलिया जिल्ह्यातील हजारीप्रसाद द्विवेदी यांच्याविना आधुनिक हिंदी वाङ्मयाचा इतिहास लिहिताच येणार नाही. भोजपुरी भूमीने आपल्या उत्तमोत्तम लेखण्या हिंदीस दिल्या आणि स्वतःजवळ गाणे ठेवले. चंपारणमध्ये १९१७ साली गांधीजींपुढे आपली कैफियत मांडणाऱ्या रयतेची भाषा भोजपुरी होती, चळवळीची हिंदी. राजेंद्रप्रसादांची मातृभाषा भोजपुरी; पण संविधान सभेचे अध्यक्ष म्हणून ते ज्या भाषेच्या बाजूने उभे राहिले ती हिंदी. यात कोणास दोष देण्याचे कारण नाही, पण किंमत कोणी दिली हे नोंदले पाहिजे. त्यात भोजपुरी मुलुख प्रशासनदृष्ट्या दुभंगलेला : बलिया, गाझीपूर, गोरखपूर एका प्रांतात, तर सारण, चंपारण, शाहाबाद दुसऱ्यात. बिहारची राजधानी पाटणा ही तर मगही भूमीत.

राष्ट्रभाषेचा फिलिपीन्समधील निर्णय कसा झाला तेही बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण तो नावापुरताच भाषाशास्त्रीय होता. १९३४-३५ च्या संविधान परिषदेत सर्व देशी भाषांच्या आधारे राष्ट्रभाषा घडवावी असा विचार संमत झाला होता. अंतिम मसुद्याची भाषा नीट करणाऱ्या समितीच्या हातून ते कलम ‘विद्यमान देशी भाषांपैकी एकीवर’ असे होऊन बाहेर पडले. १९३६ मध्ये राष्ट्रभाषा संस्था स्थापन झाली. तिचे अध्यक्ष हाइमे दे वेयरा हे स्वतः विसाया भागातील, तागालोग ज्यांची मातृभाषा नव्हे असे होते. त्यामुळे निर्णयास निःपक्षपाताचे रूप आले. संस्थेने तागालोगची शिफारस केली आणि बालेर या तागालोगभाषी गावी जन्मलेल्या केझोन यांनी ती स्वीकारली. लोपे सांतोस यांचे प्रमाण व्याकरण १९४० मध्ये निघाले, वीस अक्षरांची वर्णमाला ठरली, शाळांतून शिक्षण सुरू झाले. सेबुआनो भाषिकांना हा निर्णय रुचला नाही. ती नाराजी पुढे न्यायालयांपर्यंत गेली. १९५९ मध्ये भाषेस ‘पिलिपिनो’ हे नाव देण्यात आले, १९८७ च्या संविधानात ते ‘फिलिपिनो’ झाले. नाव बदलले की आक्षेप शमेल अशी अपेक्षा होती, ती पुरी झाली असे म्हणवत नाही. शिवाय उच्च न्यायासनाची आणि विद्यापीठीय विज्ञानाची भाषा मोठ्या प्रमाणावर इंग्रजीच राहिली. म्हणजे राष्ट्रभाषापद मिळूनही तागालोगला जे मिळाले ते अर्धेच होते.

भोजपुरीला राज्य मिळाले नाही, पण समुद्र मिळाला. १८३४ पासून मॉरिशस, १८३८ पासून गयाना, १८४५ पासून त्रिनिदाद, १८७३ पासून सुरिनाम आणि १८७९ पासून फिजी येथे करारबद्ध मजूर गेले. त्यांतील फार मोठा भाग भोजपुरी आणि अवधी प्रदेशांतील होता. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत तर तमिळ आणि तेलुगू मजुरांबरोबरच मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते, आणि गावातील सामाईक बोली म्हणून या सर्वांनी भोजपुरी उचलली. जी भाषा आपल्या घरी न्यायालयात जाऊ शकली नाही, ती परमुलखात मराठी माणसाने शेजाऱ्याशी बोलण्यासाठी शिकली. तिच्यावर क्रेओलचा दाब पुढे वाढत गेला : मॉरिशसच्या २००० च्या गणनेत सुमारे १२ टक्के लोकांनी घरची भाषा म्हणून भोजपुरी सांगितली, २०११ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले.

भारतात १९६३ मध्ये ‘गंगा मैया तोहे पियरी चढइबो’ हा पहिला भोजपुरी चित्रपट आला आणि भिखारी ठाकूरांच्या ‘बिदेसिया’ने गावोगाव गाजविलेल्या भाषेस नवा बाजार मिळाला. आठव्या अनुसूचीत कोकणी १९९२ मध्ये आणि मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाली. भोजपुरीची मागणी संसदेत वारंवार मांडली गेली आहे. तिला विरोध करणारा युक्तिवादही दरवेळी तोच असतो, की ती हिंदीचेच अंग आहे आणि तिच्या वेगळे होण्याने हिंदीची संख्या घटेल. ग्रिअर्सनचे वर्गीकरण या वादात दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने काढतात.

सुरिनाममध्ये या भाषेचे जे रूप रुजले त्यास ‘सरनामी’ म्हणतात. तीत भोजपुरीबरोबर अवधीचे अंश आणि डच व स्रानान भाषांतील शब्द मिसळले आहेत. तेथे हिंदीची सावली विरळ होती, नागरी वाचणारे थोडे होते आणि नव्या पिढीचे शिक्षण डचमध्ये होई. १९८६ मध्ये सुरिनाम सरकारने सरनामीचे अधिकृत वर्णलेखन ठरवून दिले. त्यासाठी निवडलेली लिपी कैथी नव्हती, नागरीही नव्हती. ती तागालोगच्या वाट्यास सुमारे चारशे वर्षांपूर्वी आलेली रोमन लिपी होती.